सृष्टीच्या अंगणांत : टसराचा पतंग

देवघराजवळच्या दांडीवर जें मातकट पिवळें धोतर वाळत असतें, त्यास कोणी मुकटा म्हणतात, कोणी नुसतेंच ‘सोवळें’ म्हणतात. पारोशानें त्यास शिवूं नये, हें घरांतील चार वर्षांच्या मुलासहि ठाऊक असतें. पण तें वस्त्र आलें कोठून, असें विचारलें तर मोठीं माणसें दुकानाचें नांव सांगून मोकळीं होतात. तें टसराचें असेल, तर दुकानाच्या पलीकडे विणकर आहे, विणकराच्या पलीकडे रान आहे, आणि त्या रानांत ऐनाच्या किंवा बोरीच्या डहाळीस लोंबणारें एक लहानसें घर आहे. त्या घराचा धनी हा या महिन्याचा आमचा पाहुणा.

रेशमास संस्कृतांत कौशेय म्हणतात. कोश शब्दापासून हा शब्द साधण्याकरितां पाणिनीनें आपल्या चौथ्या अध्यायांत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलें आहे, आणि अमरसिंहानेंहि आपल्या कोशांत या वस्त्राचा संबंध कृमीच्या कोशाशीं स्पष्टपणें जोडला आहे. म्हणजे हें वस्त्र किड्याचें आहे ही गोष्ट आपल्या पूर्वजांस पक्की ठाऊक होती. विसरलों ते आपण. कौटिल्य तर याहून पुढें जातो. पत्रोर्णा नांवाचें वस्त्र मगध, पुंड्र आणि सुवर्णकुड्य या देशांतून येतें असें सांगून, नागवृक्ष, लिकुच, बकुल व वट या झाडांचीं नांवें तो देतो, आणि झाडागणिक त्या वस्त्राचा रंग पिवळा, गव्हाळ, पांढरा किंवा लोण्यासारखा असतो असें नमूद करितो. पत्रोर्णा म्हणजे पानांवरची लोंकर. हें रानटी रेशीमच असावें असें बहुतेक अभ्यासक मानितात. ऋग्वेदांत ‘तसर’ हा शब्द विणकराच्या धोट्यास लाविलेला आढळतो. टसर हें नांव त्यावरूनच आलें असें पुष्कळांचें मत आहे. विदर्भांतील लोक मात्र त्या घराला कोसा म्हणतात आणि त्याच्या कापडालाहि कोसाच म्हणतात. आम्हांस हें नांव अधिक प्रामाणिक वाटतें.

आतां खुद्द पतंगाकडे वळूं. याचें शास्त्रीय नांव अँथेरिया मायलिट्टा. पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सहा-सात इंच भरतो. नर अंगानें लहान आणि भाजलेल्या विटेसारखा तांबूस. मादी थोराड, पिवळसर किंवा राखी रंगाची, अंड्यांनीं पोट जड झालेली. चारहि पंखांवर एकेक डोळा काढलेला असतो, आणि या डोळ्याची गंमत अशी कीं, त्याच्या मध्यभागीं पंखावरचे खवले मुळींच नसतात. तेवढी जागा अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी स्वच्छ पारदर्शक असते. पतंग भिंतीवर बसला असतां त्या खिडकींतून मागच्या चुन्याचा रंग दिसतो. नराच्या मस्तकावर पिसासारख्या रुंद मिशा असतात, मादीच्या अरुंद असतात. या मिशा शोभेच्या नव्हेत. त्यांचें काम पुढें येईल.

आणि या एवढ्या थोर प्राण्यास तोंड नाहीं! म्हणजे तोंडाच्या जागीं जे अवयव आहेत ते इतके खुरटलेले, कीं त्यांनीं कांहीं खातांहि येत नाहीं आणि पितांहि येत नाहीं. पतंग झाल्यापासून मरेपर्यंतचे आठ-दहा दिवस तो निर्जळी काढतो. आपल्या घरांतील वडील बायका ज्येष्ठांतली एक निर्जळी एकादशी करून द्वादशीस पारणें फेडतात. याच्या उपासाला पारणेंच नाहीं. अळी असतांना जें साठविलें असेल त्याच शिदोरीवर याला संसार करावयाचा असतो.

पतंगाचा विषय निघाला म्हणजे आपल्या कवींना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे दिव्यावर झडप घालून जळणारा शलभ. वस्तुतः त्यास जळण्याची हौस नसते. किडे रात्रीं उडतांना पाठ उजेडाकडे ठेवून आपला तोल सांभाळतात. आकाश जमिनीपेक्षां उजळ असतें, म्हणून ही रीत रानांत बिनचूक चालते. दिवा जवळ आला कीं ते त्याच्याकडे पाठ वळवूं जातात आणि भोंवऱ्यांत सांपडल्यासारखे त्याच्याभोंवतीं फिरत राहतात. २०२४ सालीं वेगवान कॅमेऱ्यांनीं घेतलेल्या चित्रांवरून हें उघड झालें. कवींनीं प्रीति म्हणून जें वर्णिलें तो वाट चुकलेल्याचा गोंधळ होता.

हा पतंग डोंगराळ, पानगळीच्या रानांतला रहिवासी. ऐन, अर्जुनसादडा आणि साल हीं त्याचीं मुख्य झाडें. पण बोर आणि धावडाहि त्यास चालतात. म्हणूनच ऐन-सालाचीं दाट जंगलें जेथें नाहींत, अशा दख्खनच्या उघड्या टेकड्यांवरहि त्याचा निभाव लागतो. अजिंठ्याच्या रांगेचे जे फांटे आमच्या जिंतूर तालुक्यांत उतरले आहेत, त्यांवर धावडा आणि बोर आहेतच.

मृगाचा पाऊस पडून झाडें पालवलीं कीं पतंग कोशांतून बाहेर पडतात. बाहेर पडण्याची वेळ बहुधा सांज. अंगावर ओल, पंख सुरकुतलेले. डहाळीला लोंबत राहून तो पंखांत रस भरून घेतो, आणि रात्र पडते तोंवर ते ताठ होतात. मादी फारशी हलत नाहीं. ती बसल्या जागेवरून वाऱ्यावर एक गंध सोडते. माणसाच्या नाकास तो कळत नाहीं; नराच्या त्या पिसासारख्या मिशांस मात्र पुष्कळ अंतरावरून कळतो. त्या गंधाच्या वाटेनें तो अंधारांत येतो. दुसऱ्या दिवसापासून मादी अंडीं घालूं लागते. दोन-तीन रात्रींत दीडशें ते अडीचशें अंडीं होतात. अंडें मसुरेच्या डाळीसारखें चपटें, पण तिच्याहून लहान.

आठ-दहा दिवसांनीं अळी निघते. प्रथम पिवळसर तपकिरी असते. मग पानासारखीच हिरवी होते आणि खाऊं लागते. खाणें हा तिचा एकच धर्म. चार वेळां कात टाकून, तीस-चाळीस दिवसांत ती आपल्या जन्मवेळच्या वजनाच्या कित्येक हजार पट होते. पूर्ण वाढलेली अळी चार-पांच इंच लांब, अंगठ्याहून जाड, कुशीवरून पिवळी रेघ गेलेली, आणि त्या रेघेजवळ चांदीसारखे चकचकीत ठिपके. कल्हईवाल्याच्या हातून कथलाचे थेंब उडावे तसे. रंग इतका पानांत मिसळतो कीं झाड डोळ्यांसमोर असून अळी दिसत नाहीं. ती सांपडते ती खालीं पडलेल्या लेंड्यांवरून. लेंड्या दिसल्या कीं सरळ वर पाहावें.

तिला शत्रु मात्र पुष्कळ. मुंग्या, गांधीलमाशा, कावळे, साळुंक्या तर उघडेच येतात. परंतु उझी नांवाची एक माशी आहे, ती अळीच्या अंगावर नुसतें अंडें चिकटवून निघून जाते. त्यांतून निघालेला किडा अळीच्या पोटांत शिरून तिला आंतून खातो. अळी वरकरणी धडधाकट दिसते, कोशहि विणते, आणि त्या कोशांतून पतंगाच्या जागीं माशीचीं पिल्लें बाहेर पडतात. आईबापांच्या अनेक अंड्यांतून फार थोडीं पतंगपणास पोहोंचतात.

कोश बांधण्याची कृति अशी आहे. वेळ आली कीं अळी खाणें सोडते, दोन-तीन पानें धाग्यांनीं एकत्र ओढून आडोसा करिते, आणि मग पहिलें काम कोणतें, तर घर नव्हे. घर टांगावयाचा कासरा! ती डहाळीभोंवतीं रेशमाचें एक घट्ट कडें विणते, त्या कड्यापासून खालीं एक दांडा आणते, आणि त्या दांड्याच्या टोकास मग लांबट गोल कोश वळते. खालच्या ओठाजवळच्या सूक्ष्म छिद्रांतून दोन धागे एकाच वेळीं निघतात आणि आंतल्या डिंकानें एक होतात. डोकें इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखें सारखें फिरत असतें. शेवटीं ती अंगांतून पांढरा चुनखडीसारखा रस सोडून कोशाच्या भिंती भिजविते. तो वाळला कीं कोश कवचासारखा टणक होतो. कबुतराच्या अंड्याएवढ्या या घरांत कित्येक शें मीटर धागा असतो.

हें कडें आणि हा दांडा यांवर आमचें विशेष लक्ष आहे, कारण त्यांतच या जातीचें शहाणपण दिसतें. श्रावण-भाद्रपदांतल्या कोशांतून पतंग लौकर बाहेर येतो आणि आणखी एक पिढी होते. पण पावसाळा सरतांना, दिवस लहान होऊं लागले असतां, जी अळी कोशांत जाते तिच्या पोटीं येणारा पतंग बाहेर येत नाहीं. पुढें हिवाळा, आणि त्यापुढें आमचा मराठवाड्याचा उन्हाळा! पानें झडून जाणार, हें जणूं त्या अळीस ठाऊक असावें; कारण तिनें घर पानाला चिकटविलेलें नसतें, तर डहाळीला कड्यानें अडकविलेलें असतें. पान गळतें, देंठ गळतो, कोश तेथेंच लोंबत राहतो. सहा-सात महिने, चैत्र-वैशाखाच्या झळांतसुद्धां, तो आंतला जीव न खातां, न पितां, श्वासहि अगदीं बेतानें घेत निजून असतो. ज्यानें वैशाखांत निष्पर्ण बोरीला लोंबणारा हा राखी गोळा पाहिला असेल, तो त्याला वाळकें फळच समजला असेल.

आणि निघावयाचें कसें? भिंत टणक, आणि याला दांत नाहींत. निसर्गानें त्याच्या मुखाशीं एक पाचक रस दिला आहे. तो रस कोशाच्या दांड्याकडील टोकास लावून पतंग आंतला डिंक विरघळवितो, आणि धागे तोडण्यापेक्षां बाजूस सारून वाट करितो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण सोवळ्याचा प्रश्न येथेंच गुंतला आहे.

तुतीचा किडा आणि हा, यांत फार अंतर आहे. आमच्या मराठवाड्यांत अलीकडे तुतीची लागवड पुष्कळ वाढली. २०१८ सालीं जालन्यास कोश-विक्रीचा बाजारहि उघडला. तो किडा हजारों वर्षें माणसाच्या घरांत वाढल्यामुळें इतका परावलंबी झाला आहे, कीं त्याच्या पतंगास पंख असून उडतां येत नाहीं, आणि पान पुढ्यांत आणून टाकलें नाहीं तर अळी उपाशी मरते. आपल्या पैठणीचें रेशीम त्याचें. टसराचा किडा अशी चाकरी करीत नाहीं. १८०४ सालीं रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या ग्रंथमालेंत याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १८७० नंतरच्या दशकांत मेजर कुसमेकर नांवाच्या अधिकाऱ्यानें पुण्यास त्याची पैदास करण्याचा मोठ्या चिकाटीनें प्रयत्न केला. पुण्यांत हा धंदा रुजला नाहीं. याला झाड जिवंत पाहिजे, उघडें पाहिजे, आणि वारा-पाऊस पाहिजे.

विदर्भांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ढीवर लोकांनीं ही गोष्ट ओळखली आणि किड्याला घरीं आणण्याऐवजीं आपणच रानांत जाऊन राहिले. अंड्यांतून निघालेल्या अळ्या ते ऐन-अर्जुनाच्या झाडांवर सोडतात आणि महिना-दीड महिना रात्रंदिवस राखण करितात. एका झाडाचीं पानें संपलीं कीं अळ्यांसकट डहाळ्या छाटून दुसऱ्या झाडावर ठेवतात. या किड्याच्या एका स्थानिक वाणास भंडाऱ्याचेंच नांव आहे, आणि त्याच जिल्ह्यांतील आंधळगांवचें कोशाचें कापड प्रसिद्ध आहे. अंडीं निरोगी असावीं म्हणून मादीनें तीं घातल्यावर तिचें शरीर चिरडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. ही रीत पाश्चर यानें फ्रान्समध्यें १८६५ पासून तुतीच्या किड्यांच्या रोगावर केलेल्या संशोधनांतून आली.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या काळीं कोशाचे राखणदार अळ्या झाडांवर असेतोंपर्यंत ब्रह्मचर्य पाळीत, मांस वर्ज्य करीत, आणि विटाळ होऊं देत नसत. म्हणजे आपल्या देवघरांत ज्या वस्त्रानें सोवळें सुरू होतें, त्या वस्त्राचें सोवळें तिकडे रानांत, आपण ज्यांस सोवळ्याबाहेर ठेविलें त्या लोकांनीं, आपल्या आधींच पाळलेलें असे. हें वाचून कोणास राग आला तर आमचा नाइलाज आहे.

आतां तो प्रश्न. कोशांतून सलग धागा काढावयाचा तर पतंग बाहेर येण्यापूर्वींच आंतला जीव उष्णतेनें मारावा लागतो, आणि मग कोश क्षाराच्या पाण्यांत शिजवून धागा उकलतात. तुतीचें असो वा टसराचें, सफाईदार तलम रेशीम असेंच निघतें. आमच्या सूनबाईंनीं हें ऐकून विचारलें, “मग मामंजी, जीव मारून केलेलें वस्त्र सोवळें कसें?” आम्हीं त्यांस शास्त्रवचन सांगत बसलों नाहीं, वस्तुस्थिति सांगितली. पतंग जेथून निघून गेला तो कोश फुकट जात नाहीं. त्याचे धागे पुष्कळ अंशीं शाबूत असतात. फक्त ते सलग उकलत नाहींत, तर कापसासारखे कांतावे लागतात. बीजासाठीं राखलेल्या कोशांतून पतंग निघाले कीं असे रिकामे कोश उरतातच. त्यांचें सूत जाडेंभरडें आणि गांठाळ असतें, चकाकी कमी असते, पण त्यासाठीं जीव मारलेला नसतो. घरांतला मुकटा आहे तो फाटेपर्यंत नेसावा. नवा घेतांना दुकानदारास ‘सूत उकललेलें कीं कांतलेलें?’ एवढें विचारावें, असा आमचा घरापुरता निर्णय झाला. ज्या रेशमाचा गुळगुळीतपणा आपण शुद्धतेचें लक्षण मानितों, तो गुळगुळीतपणा मृत्यूचा आहे, हें आमच्या मंडळीस मात्र अद्याप पटलेलें नाहीं. “माझ्या माहेरचा मुकटा आहे तो,” एवढेंच त्यांचें उत्तर.

चारठाणें हें आमचें गांव जुन्या दगडी देवळांसाठीं अभ्यासकांस ठाऊक आहे. पतंगांसाठीं येथें कोणी येत नाहीं. गेल्या वैशाखांत एका गुराखी मुलानें डोंगरांतून बोरीची एक वाळकी डहाळी आणली. तिला एक कोसा होता. तो आम्हीं पडवींत टांगून ठेविला. आर्द्रांत, एका सांजेस, त्यांतून मादी निघाली. तिला बोरीखालीं उघड्या टोपलींत ठेवून नातवानें आणि आम्हीं आळीपाळीनें राखण केली. प्रश्न साधा होता: या डोंगरांत अजून एखादा नर आहे कीं नाहीं? पहिल्या रात्रीं कोणी आलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं पाऊस होता. कोणी आलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं मादीनें वाट पाहणें सोडून कांहीं अंडीं तशींच घालून टाकिलीं. नराविना घातलेलीं तीं अंडीं वांझ. नातू म्हणाला, “आजोबा, संपले असतील.” चवथ्या पहाटे, तांबडें फुटण्यापूर्वीं, टोपलीच्या कांठावर एक विटकरी नर बसलेला होता. त्याचा एक पंख कोपऱ्यावर फाटलेला होता. कोण जाणे किती दूरून आला असेल!

त्या मादीच्या उरलेल्या अंड्यांतून ज्या अळ्या निघाल्या त्या आम्हीं शेताच्या बांधावरील मोठ्या बोरीवर सोडल्या. मुंग्यांनीं पुष्कळ नेल्या, साळुंक्यांनीं कांहीं नेल्या. भाद्रपदांत दोन कोसे रिकामे झालेले दिसले. आणि कार्तिकांत, पानांआड, एक नवा कोसा सांपडला. तो अजून मिटलेला आहे.

बांध सामाईक आहे. आमच्या चुलत बंधूंनीं येत्या उन्हाळ्यांत यंत्र लावून तो सपाट करण्याचें ठरविलें आहे, कारण बोरीच्या सांवलीनें त्यांच्या दोन तासांचें पीक खुरटतें, आणि हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आम्ही त्यांस बांधावर नेऊन तो कोसा दाखविला. त्यांनीं डहाळी हातांत धरून कडें बोटानें चांचपून पाहिलें, थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, “दादा, मृगापर्यंत थांबतों. पाऊस पडला कीं मग मात्र मला अडवूं नका.”